मु. उंबरटेप, पो. पवनानगर

उंबरटेप,
२ जून २०२५

चि. रेणुकास,
आबाचा जय भीम आन लय लय आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितोय. अतुल ह्या पत्राचा फोटो काढून तुला पाठवंल. तुझ्या आईला दम लागतो तो तसाच हाय. तितं दवाखान्यात रात्रपाळ्या लय करू नगं, न्हाईतर नर्सबाईच खाटेवर पडायची.

वरच्या माळावर बंगलेवाले आलेत. फाट्यावर त्यांनी पाटी लावलीय, ‘क्वीन्स व्हॅली’. जीपवालेबी आता तेच नाव घेऊन वरडत्यात. मोजणीवाल्याला मी इचारलं, नकाशात आमची वाडी कुटं दावलीय? तर म्हणला, हितं वाडी न्हाईच. त्यांच्या सायबानं रस्त्याचं बोलायला वाडीतली मोठी माणसं म्हणून भिकाजी, कैलास आन मला येत्या रविवारी जेवायला बोलावलंय. माणूस गोड बोलतो. तुझ्या तितल्या जिल्ह्यालाबी राणीचं नाव व्हतं म्हणं. ते कसं गेलं, कळव.

तुझा,
आबा

पोर्टलीश, आयर्लंड,
५ जून २०२५

ती. आबांस,
रेणुकाचा सविनय जय भीम, वि. वि.

आईला सांगा, इथं बटाटे खाऊन मी गोल झालेय.

आमच्या जिल्ह्याचं नाव लीश. इथल्या जुन्या लोकांवरून पडलेलं. साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांच्या जमिनी काढून घेतल्या, आपली माणसं आणून वसवली आणि कायदा करून मुलखाला ‘क्वीन्स काउंटी’ म्हणू लागले. कोर्ट, कर, कारभार, सगळं त्याच नावानं. शंभर वर्षांपूर्वी स्वतःचं सरकार आलं, तेव्हा लीश परत आलं. आता इथली कौन्सिल, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी, त्याच नावानं चालते.

हे मला वॉर्डातल्या नोराआजींनी सांगितलं. आणखी एक सांगितलं, ते मनातून जात नाही. लीशच्या म्होरक्यांना इंग्रजांनी शेजारच्या एका टेकडीवर बोलणी करायला बोलावलं. विश्वासानं गेले. तिथंच कापले त्यांना.

आज कोणी कापणार नाही, कळतं मला. पण तुम्ही तिघंच जाऊ नका. साहेबालाच वाडीत बोलवा, सगळ्यांसमोर.

आपली,
रेणुका

उंबरटेप,
१७ जून २०२५

प्रिय ताई,
स. जय भीम.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, जेवायला बोलावल्यावर न्हाई कसं म्हणायचं? तिघं गेले. मटण झालं, शाली झाल्या, फोटो झाले. तेवढ्यात खाली जेसीबी आणून वाडीच्या रस्त्यावर फाटक बसवलं. आम्ही पोरं आडवी गेलो, तर म्हणाले, तुमच्या मोठ्यांनीच वर होकार दिलाय. आबांनी फक्त मान हलवली होती, साहेब रस्ता चांगला करू म्हणाला तेव्हा.

आता गार्ड विचारतो, कुठं जायचं? उंबरटेप म्हटलं की सोडत नाही. क्वीन्स व्हॅली म्हटलं की सोडतो. सगळे म्हणतात. मीही म्हणतो. आबा म्हणत नाहीत. धरणाच्या कडेनं, चिखलातून वळसा घालून येतात. तहसीलला अर्ज दिलाय, चौकशी करू म्हणतात.

काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो. लिहवत नाही.

तुझा,
अतुल

तळेगाव,
२९ जून २०२५

चि. रेणुकास,
आबाचा जय भीम.

घाबरू नगं, आई आता बरी हाय. उद्या दवाखान्यातनं घरी सोडत्यात.

शुक्रवारी सकाळी तिला श्वासच घेता येईना. अतुल कामावर गेलता. कैलासनं जीप काढली. फाटक बंद. गार्डनं इचारलं, कुठून आलात? मी म्हणलं, उंबरटेप. तो म्हणला, असं गाव न्हाई, आबा. तुझ्या आईची नखं निळी पडलीवती. ती माझ्याकडं बघत व्हती. मग मी बोललो ते नाव. लगेच उघडलं. पोरगा वाईट न्हाई. हळूच म्हणला, एवढंच तर व्हतं.

उद्या घरी जाताना परत इचारंल. आजारी बाईला घिऊन चिखलातनं कसा जाऊ?

एक काम कर. आता फोटो नको, पोस्टानं पत्र टाक. पाकिटावर वाडीचं नाव मोठ्या अक्षरात लिही. आपला पोस्टमन ते घिऊन फाटकाशी येईल आन कुटं जायचं ते गार्डाला वाचून सांगंल. मी तितं उभा ऱ्हाणार हाय.

माया हाय तशीच ठेव, आन पत्ता पुरा लिही.

तुझा,
आबा