छपरातले थेंब

हफेइ, ७ नोव्हेंबर १९८३

ती. बाबांस,
चिनयीचा सा. न. वि. वि.

काल आईचं पोट उघडलं आणि तसंच शिवलं. मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तू स्वतः डॉक्टर, तुला काय सांगायचं. आईला गाठ काढली असंच सांगितलंय. ती विचारते, मग तुझे डोळे का सुजलेत?

बाबा, तुमच्या वैद्यकीच्या ग्रंथाला मी कायम जुनाट म्हणत आले. आता मीच विचारते, त्यात आईसाठी काही आहे का? रोज तिचं मनगट धरते. नाडी थांबून थांबून लागते, छपरातून थेंब गळावा तशी. लगेच कळवा.

रागावला असलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची चिनयी

बोचौ, १२ नोव्हेंबर

चि. चिनयीस अनेक आशीर्वाद.

छपरातले थेंब ही तुझी उपमा नव्हे, पोरी. नवव्या वर्षी मी तुझ्याकडून घोकून घेतलेलं ग्रंथातलं वर्णन आहे ते. पुढचंही तुला पाठ असणार. औषध नाही, वैद्यानं हात आवरावा.

तरी मी तीनदा वाचलं. चाळीस वर्षं याच आधारावर मी माणसं परत पाठवली आणि शांत झोपलो. काल एका म्हातारीला तेच सांगायचं होतं, तर तिला उद्या ये म्हणालो.

सोबत पुडी पाठवतोय. दोन वेळा उकळून दे. जिवाला जप.

बाबा

हफेइ, १७ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

वासावरूनच आई हसली. म्हणाली, नुसतं आलं आणि सुकी बोरं! द्यायला काही उरलं नाही की तुझा बाप हेच देतो, त्या पुड्या मीच तर बांधायचे. तिला सगळं कळलंय. तरी वाटी संपवली. म्हणते, एकेचाळीस वर्षांत नुसतं शिंकले तरी काढा पुढे यायचा, पण शेजारी बसायला म्हाताऱ्याला सवड झाली नाही. औषध नको म्हणावं, तूच ये.

दवाखाना बंद करून या, बाबा. आम्ही वाट बघतोय.

चिनयी

बोचौ, २१ नोव्हेंबर

चि. चिनयीस आशीर्वाद.

शुक्रवारच्या बसनं निघतो. त्याआधी हे पोचावं, कारण समोर आल्यावर मला विचारवणार नाही.

काही न देता आजाऱ्याजवळ कसं बसतात, हे मला कुणी शिकवलं नाही. तिचा हात हातात घेतला की माझी बोटं आपसूक नाडीवर जातील. माझ्या चेहऱ्यावरून तिला किती दिवस उरलेत ते कळेल. मग मी तिला कुठे धरू?

उत्तर पाठवू नकोस, आल्यावर खुणेनं सांग. या म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

बाबा