फुगलेल्या बॅटऱ्या

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतंय.

आमची सौरबॅटरी गुंतवणूकदारांना पसंत पडली. पुढच्या महिन्यात ती बाजारात येतेय. साहेब हवेत आहेत.

सोमवारी चाचणीत एक बॅटरी फुगली. साहेब म्हणाले, "एकच तर आहे, अहवालात कशाला?" काल आणखी तीन फुगल्या. मी चारही लिहिल्या, तर आज चाचणीच्या खोलीला नवं कुलूप लागलंय आणि किल्ली मला दिलेली नाही.

आईचा खोकला थांबला का? मी दिलेली बॅटरी तिच्या पलंगाशेजारीच आहे ना? ती याच खेपेतली आहे. फोन आईच उचलते, म्हणून लिहितोय. तिला न घाबरवता बॅटरी अंगणात नेऊन ठेव. जवळ जाताच धग लागली, तर मात्र हात लावू नकोस. आधी आईला बाहेर काढ.

तुझा धाकटा