दहापैकी दहा

मंगळवार, १४ तारीख
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सर्व ठीक, तिकडेही असेल, असं लिहून सुरुवात करायची म्हणून केली. दादाच्या छकुलीची शाळा बुडू देऊ नकोस. बाबा उद्या येणार, परवा येणार अशा थापाही मारू नकोस तिला. पोर हुशार आहे, आत्यावर गेलेली नाही.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोन केला की वहिनी शेजारीच असते, आणि तुझा आवाज ऐकला की मी "सगळं मस्त" म्हणून मोकळा होतो. कालही तेच केलं.

दादा चौथ्या मजल्यावर काचेच्या खोलीत आहे. आपण बाहेरून बघायचं आणि भिंतीवरच्या फोनवर बोलायचं. डोक्यावर एक केस नाही. मी म्हटलं, "वंगण लावलंस की काय टकलाला?" हसला. हसताना ओठ फुटला आणि रक्त थांबायला अर्धा तास गेला. नंतर मी विनोद केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं होतं. आपल्याला वाटतं, हाड म्हणजे नुसता खांब. तसं नाही. हाडाच्या पोकळीत मगज असतो आणि आपलं सगळं रक्त तिथे तयार होतं. श्वास वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या, जखमेतलं रक्त थांबवणाऱ्या त्या चकत्या, सगळ्या तिथल्याच. दादाचा तो कारखानाच नासला. म्हणून गेल्या शुक्रवारपासून औषधं देऊन तो पुरता बंद पाडायला घेतलाय. गुरुवारी माझ्या कमरेच्या हाडातून मगज काढायचा आणि दादाला शिरेतून चढवायचा. तो आपला आपण हाडांत जाऊन बसतो म्हणे, त्याला पत्ता सांगावा लागत नाही.

औषध सुरू व्हायच्या आधी बाईंनी मला एकट्याला बसवलं. म्हणाल्या, "अजूनही तुम्ही नाही म्हणू शकता. एकदा औषध सुरू झालं की त्यांचं स्वतःचं काही उरणार नाही. मग तुमचं मिळालं नाही तर..." मी छाती फुगवून सही ठोकली. मगज जुळतो का बघायच्या तपासणीत तुझं पाचच जुळलं होतं, माझं दहापैकी दहा. जन्मात पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले होते, ते काय सोडतोय.

तुला ठाऊक आहे, लिफ्ट दुरुस्त करताना मी खड्ड्यात दोरावर लोंबकळत शिट्टी वाजवतो. पण सुई दिसली की माझे पाय गळतात. आता हसू नकोस. पुढे हसण्यासारखं नाही.

ताई, माझी दाढ किडली आहे. डावीकडची, खालची, महिनाभर ठणकतेय. तपासणीच्या वेळी बाईंनी स्पष्ट विचारलं होतं, "दात, हिरड्या, काही दुखणं?" मी म्हटलं, "छे." सांगितलं तर दादाची तारीख पुढे जाईल म्हणून गप्प बसलो, असं मी मनाला समजावत होतो. खोटं आहे ते. मला दाताच्या डॉक्टरची भीती वाटत होती. एवढंच कारण. घोड्याएवढा झालोय आणि एवढंच कारण.

रविवारपासून गाल सुजलाय. काल ताप आला, एकशे एक. सकाळी नर्स माझाही ताप बघायला येते, म्हणून आज तिच्या आधी तासभर मी तापाची गोळी घेऊन बसलो. तिने अठ्ठ्याण्णव लिहून घेतला आणि म्हणाली, "शाबास."

दादाने मात्र काचेतूनच पाहिलं. "गालात काय आहे रे?" "लिमलेटची गोळी," मी म्हटलं. "अजून चघळतोस होय," म्हणाला, आणि काचेवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "बारक्या, आता माझं आत काही नाही बघ. तुझ्यावरच आहे सगळं." मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडलो असतो.

वहिनी दिवसातून पन्नासदा हात धुते. साबणाने तिची बोटं फुटली आहेत. कोणाची साधी सर्दीसुद्धा दादाला पुरेल, म्हणून. आणि मी माझ्या रक्तातून काय घेऊन चाललोय, हे माझं मलाच माहीत नाही. सांगावं, तर गुरुवार हुकेल आणि तो रिकाम्या हाडांनी वाट बघत राहील. न सांगावं, तर माझ्याच हाताने त्याला विष पाजल्यासारखं होईल. दोन दिवस मी हेच घोळवतोय आणि दोन्हीकडे दादाच मरताना दिसतो. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती गं.

पण यावर काही उपाय असेल, तर तो बाईंना माहीत असणार, मला नाही. आणि त्यांना दोन दिवस मिळाले असते ते मी खाल्ले. आता एकच उरलाय.

हे पत्र खालच्या पेटीत टाकतो आणि तसाच बाईंच्या खोलीत जातो. आधी पत्र, कारण एकदा पेटीत पडलं की काढता येत नाही. माझा माझ्यावर भरवसा नाही.

तुला हे शुक्रवारी मिळेल. तोवर गुरुवार होऊन गेलेला असेल आणि काय झालं ते तुला फोनवर कळलेलंही असेल. कोणी म्हणेल नशीब, कोणी म्हणेल देवाची मर्जी. तू तसं म्हणू नकोस. दादा गेला, तर हे पत्र वहिनीला वाचून दाखव.

वाचला, तरी दाखव.

तुझा भित्रा भाऊ,
बारक्या