हायड्रोचा डबा

आई, आज गाळ्यावर नवीन कामाला आलेल्या बाईला रंग उतरवायचं हायड्रो कसं हाताळायचं ते शिकवलं, आणि तेव्हापासून तूच डोक्यात आहेस. ती आपल्याच मालवणाकडची. पांढरी पूड बघून म्हणाली, "ताई, ह्या सोड्यासारख्याच दिसता." मी म्हटलं, दिसतं तसं, पण सोडा भिजला तर त्याचा गोळा होतो, हे जरासं भिजलं तर तापतं आणि पेटतं. म्हणून चमचा सुका, हात सुके, झाकण घट्ट. आम्लाच्या बाटल्या लांबच्या कपाटात. पूड भरपूर पाण्यात टाकायची, पुडीवर पाणी कधीच नाही. बोलता बोलता लक्षात आलं, माझा आवाज तुझ्यासारखा चढलाय.

बाबांची मिल बंद पडली आणि तू लालबागच्या त्या खोलीत लोकांच्या जुन्या सुती साड्यांचा रंग उतरवून नवा चढवायला लागलीस. मिलच्या रंगखात्यात बाबा जे करत तेच, आपल्या पातेल्यात. निळा रंग असला की तू मला हाक मारायचीस. पातेल्यातून साडी पिवळट हिरवी बाहेर येते, तू ती गॅलरीत झटकतेस, आणि वारा लागेल तसतशी ती डोळ्यांदेखत निळी होत जाते. मी आ वासून बघते. "जादू नाय गो," तू म्हणतेस, "हायड्रोन रंग पाण्यात इरघळता, वाऱ्यान परत येता." तुला एवढं पुरायचं. मला अजूनही ती जादूच वाटते.

डबा पेटला ती दुपार तुलाही आठवत असेल. शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली म्हणून तू झाकण न लावताच उठलीस, आणि दोरीवरच्या ओल्या साडीचं पाणी डब्यात ठिबकलं. आधी काडेपेटीची काडी ओढल्यासारखा, पण घशाला टोचणारा वास आला, मग धूर. काकू तांब्याभर पाणी घेऊन धावल्या. "पाणी घालू नकात!" तू ओरडलीस. "तेवढ्या पाण्यान आनीच पेटतला!" नाकातोंडावर पदर बांधलास, सुक्या गोणपाटात तो तापलेला डबा धरलास आणि जिना उतरून मोकळ्या अंगणात नेऊन ठेवलास. सगळं जळून विझेपर्यंत वाऱ्याच्या बाजूला उभी राहून कुणाला जवळ येऊ दिलं नाहीस. तळहातांना फोड आले होते.

संध्याकाळी चाळकरी जमले. बाबा हळूच म्हणाले, "दोरी तुटली म्हणून सांग." तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. "झाकण मी उघडं टाकलं. चूक माझी. ह्या डब्याक आता चाळीत जागा नाय," तू सगळ्यांसमोर म्हणालीस. डबा हलव असं कुणी अजून म्हटलंही नव्हतं. आणि घर तर त्याच पातेल्यावर चाललेलं. मग काकूंनीच भावाला सांगून रे रोडला त्याच्या वखारीत कोपरा मिळवला, तोही फुकट. तू जाऊन बघितलंस, चहा प्यायलीस आणि हात जोडलेस. "लाकडांच्या शेजारी हायड्रो? नको." बाबा वैतागून दोन घास कमी जेवले. मी तर तुझ्याशी बोलतच नव्हते. काकू मात्र चिडल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "हिच्या हातात माझा भाऊ सुरक्षित आहे," आणि पुन्हा शोधाला लागल्या. गल्ली ओलांडून एका लोखंडवाल्याचा रिकामा गाळा त्यांनीच मिळवून दिला.

त्याच गाळ्यात बसून लिहितेय. दारं उघडी आहेत, बंदराकडचा वारा येतोय, दोन बायका बाहेर साड्या झटकतायत. नाटकवाल्यांचे कपडे येतात, कुणाच्या आजीची साडी येते. काम पुरेसं आहे, आई. मी मजेत आहे.

हे पत्र काही पोस्टात टाकायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. तुझा तो पिकल्या आंब्यासारखा केशरी मला अजून जमलेला नाही. जुनी गिऱ्हाइकं मागतात तेव्हा मी तोंड गंभीर करून सांगते, तो रंग आता कंपनीने बंद केलाय.