जेवणाआधीची गोळी

छोट्या,

काल रात्री साडेदहाला बाबांना पुन्हा उलटी झाली. खाल्लेलं सगळं बाहेर पडलं. तू आलास तेव्हा ते झोपले होते, म्हणून मी तुला काही बोलले नाही.

गोळीत काही दोष नाही. मळमळीची गोळी ते बरोबर आठला घेतात. अर्ध्या तासाने जेवायला हवं, पण ते तुझी वाट बघत बसतात. विचारलं तर म्हणतात, "भूक नाही गं," आणि कान दाराकडे! तू सहाला येतोस, कपडे बदलून पुन्हा सटकतोस. काल दहापर्यंत थांबून त्यांनी गार भात खाल्ला, तोवर गोळीचा जोर ओसरला होता. वॉर्डातले सगळे पेशंट माझं ऐकतात, घरातला हा एकच ऐकत नाही.

महिनाभर तू आणि बाबा एकमेकांशी बोलत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. आजही बोलू नकोस हवं तर, पण साडेआठला त्यांच्यासमोर बसून जेव. सोमवारी वजन बघूनच पुढची केमो द्यायची का ते डॉक्टर ठरवणार आहेत.

ॲसिडिटीचं गुलाबी औषध जेवण झाल्यावरच दे, गोळीबरोबर नको. उलटीत गोळी पडली तर दुसरी देऊ नकोस, मला वॉर्डात फोन कर. तुझ्यासाठी अंड्याची भाजी केली आहे, गाढवा.

ताई

ता. क. मी चपला घालतेय. आत्ता कुठे पाच वाजलेत आणि बाबांनी टेबलावर दोन ताटं मांडूनसुद्धा ठेवली आहेत.