उशिरा टेकलेला पाय

वडनेर भोलजी
माघ शुद्ध पंचमी, सन १९६४

चि. शालिग्राम याले आजीचा आशीर्वाद. घरी सारे जितेजागते हायत. तुह्या मायचा खोकला गेला. गायीले कालवड झाली, कपाशीची शेवटची वेचणी चालू हाय. अक्षर वाकडं हाय, ते वाकडंच वाच. दुसरीतच मले शाळेतून काढलं होतं. कोणाकडून लिहून घेतलं असतं तं त्यानं आधी साऱ्या गावाले वाचून दाखवलं असतं.

तुनं मुंबईहून इचारलं का आजी, खामगावले माहा बॅले पाह्यला, खरं सांग कसा वाटला. फागुनात तुमचे मास्तर दिल्लीच्या खेळासाठी एक जण निवडणार हायत, म्हून तुले लय घाई. बायांसाठी दुपारचा खेळ ठेवला म्हून मी अन् शेजारची सत्यभामाबाई एसटीनं गेलो. ते पोरगी तुनं खांद्यावर उचलली तवा सत्यभामाबाईनं पदर तोंडावर घेतला, अन् पदराच्या फटीतून सारं पाह्यलं. घरी येतपर्यंत म्हणे, "रुक्मिणीबाई, कोणाची असन वो ते? मायबाप काही म्हणत नाहीत काय तिले?" मी म्हटलं, नातू माहा हाय, पोरगी माही नाही.

आता खरं सांगतो. उडी चांगली हाय. हरीण झाला होता तवा हरीणच दिसला, दोरी तोडलेला गोऱ्हा नाही. गिरकीत मान आधी फिरते अन् अंग मागून येते, ते बरोबर. पोरगी उचलताना तोंड पोतं उचलल्यावाणी केलं नाही, तेही बरं. हात मातर लय बोलतात. एकदा सांगितलं का झालं, पुन्हा पुन्हा काऊन सांगतं? बायकोले हाक मारून राह्यला काय?

तुनं लिहिलं का मास्तर म्हणतात, सफाई तं साऱ्याईले हाय, पण उडीवरून उतरताना डावा पाय जरा मागं ठेवून उशिरा टेकवतं, ते तुही ढब. बाकी पोरं आता तसंच करून पाहतात म्हणे. दिल्लीले त्या ढबीवरच नेतील.

त्यावर मले एवढंच सांगायचं हाय का तब्येतीले जप. हरभरा भिजवून खात जाय.

*

हे पत्र चार दिवस फडताळात पडून होतं. पेटीत टाकाले दोनदा निघाली, दोनदा वापस आली. हरभऱ्याचं लिहिलं ते खोडत नाही, पण ते लिहाले मी बसली नव्हती.

खामगावले अर्धा खेळ मी डोळे मिटून होती. सत्यभामाबाईनं कोपर मारलं, "म्हातारे, झोपली काय?" मी झोपली नव्हती, ऐकून राह्यली होती. आमच्या वक्ताले दंडारीत माणसं नाचत, अन् बाया कुडाच्या आड बसत. समोर बसाची सोय नव्हती. तोंड कसं, हात कसे, आमाले काही दिसे ना. पाय ऐकू येत. पायावरून आम्ही सांगत असू का कोण रंगात हाय, कोण भाकर खाऊन आला, कोणाचं बायकोशी वाजलं. म्हून मले नाच कानानं कळते. डोळ्यानं पाह्यलं का मी फसतो.

तुहा आजा दंडारीत नाचे. तुह्या वयाचा होता. दिवाळीचा पाडवा, दिवस मावळाले आलेला. आमच्या गोठ्यासमोर नाच होता, जिथं बैलाईले नाल ठोकत तिथंच. मी कुडाआड, तुहा बाप मांडीवर. एकाएकी त्याईचा डावा पाय उशिरा पडाले लागला. एक पाय धप, मंग थोडं थांबून दुसरा. समोरची माणसं म्हणत, वा, काय ठसका हाय. अन् मी कुडातून मोठ्यानं म्हटलं, "अवो, पाय ओढून राह्यले. आता घरी बसून वाती वळा." बाया हसल्या. समोर माणसंही हसली.

ते थांबले नाहीत. ढोलकीवाला थकला तवा थांबले. बाकीच्याईपेक्षा दुप्पट नाचले.

घरी पाय धुताना म्हणे, "काटा हाय." मी म्हटलं, काट्याचं एवढं काय. नालेचा खिळा होता, गंजलेला, टाचेत बोटभर गेलेला. आठव्या दिवशी जबडा मिटला. पाणीही आत जाये ना. डोळे उघडे होते अन् माह्याकडं पाहत होते. तसेच गेले. लोकाईले मी ताप म्हून सांगितलं. तुह्या बापालेही तापच सांगितलं. आज तुले पहिल्यांदा लिहून राह्यली.

भूतबित काही नाही. भूत असतं तं झाडणीनं हाणून हाकललं असतं. पण तो ठेका जात नाही. मिरची कुटताना येते, धुणं आपटताना येते. म्हून उखळात मुसळ मी घालत नाही, तुही माय घालते, अन् सासू कामचुकार म्हून शेजारी सांगते. सांगू दे. खामगावले मी डोळे मिटले अन् तुह्या तिसऱ्या उडीनंतर तोच ठेका आला. लाकडाच्या फळीवर, घुंगरू नसताना. पहिल्यांदा वाटलं का आपल्याच डोक्यात वाजून राह्यला. मंग पुन्हा आला, दर उडीले, अन् दर वेळी आधीपेक्षा उशिरा.

खेळ झाल्यावर तू पाया पडाले आला. उजव्या गुडघ्यावर भार देऊन वाकला, अन् उठताना खुर्चीले धरलं. गळ्यात हार, भवती माणसं, हसून राह्यला होता. मले दिसलं. मी इचारलं नाही. तेव्हाही इचारलं नव्हतं.

तुह्या मास्तरले ते ढब वाटते. माह्या वक्ताले माणसाईले ठसका वाटला अन् मले आळस वाटला. दुखते असं कोणालेच वाटलं नाही. शालिग्राम, ते ढब नाही. तुले पाय टेकवत नाही म्हून तो उशिरा टेकते. हे तुलेही ठाऊक हाय, पण आता सारे वा म्हणून राह्यले, म्हून तुही जीभ उचलत नाही.

उद्या मास्तरले सांग, अन् डॉक्टरले पाय दाखव. तो म्हणन तवापर्यंत उडी मारू नको. दिल्लीले दुसऱ्या कोणाले नेतील तं नेऊ दे. घरी आला तं कोणी हसणार नाही. तवा पहिली हसणारी मीच होती, अन् मी हसून चुकली हाय.

उलट टपालानं लिही. कुठं दुखते, कवापासून दुखते, एवढंच लिही. खुशाली नको.

तुही आजी
रुक्मिणी