तुळशीबागेतला पोळपाट

पुणे,
६ सप्टेंबर २०१८

ती. सौ. सुचित्राताईस,
मोहनचा शि. सा. न. वि. वि.

श्रियाच्या लग्नाची पत्रिका पोचली. तिचं नाव छापलेलं बघून डोळे भरून आले. परवा विवेक येऊन सांगून गेला की मुलीला मांडवात आणायचं काम तू त्याच्यावर सोपवलंस. ठीकच केलंस. चुलत असला तरी तोही मामाच.

मी त्या दिवशी सर्दीने आजारी पडणार आहे. तू काळजी करू नकोस, कोणाला संशय येणार नाही. मी येरवड्याच्या तुरुंगात होतो ती दोन वर्षं तू मुलांना मामा दुबईला आहे म्हणून सांगितलंस. मांडवात कोणी दुबईची चौकशी केली तर मी काय बोलणार? मला तिथल्या खजुराचाही भाव माहीत नाही.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. आत असताना तुझ्या पत्रांची जी सवय लागली ती सुटत नाही. चारुदत्तराव भावोजींना नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मोहन


जॉन्सनव्हिल,
वेलिंग्टन, न्यूझीलंड,
२ ऑक्टोबर २०१८

चि. मोहन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सर्दी तीन महिने आधी ठरवून ठेवणारा तू पहिलाच! पत्र वाचून आधी तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर.

लग्नाआधी आम्ही मायलेकी टास्मानियाला जाऊन आलो. स्ट्रॉन नावाच्या गावातून बोट निघते आणि गॉर्डन नदीत शिरते. पाणी अगदी कोऱ्या चहासारखं, आणि इतकं संथ की काठावरचं झाड पाण्यात तस्संच्या तस्सं उलटं. दोन्हीकडे नुसतं जंगल, औषधाला माणूस नाही. मी लगेच गूळपोळीचा डबा उघडला, तर श्रिया लाजून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली!

वाटेत सारा आयलंड म्हणून बेट लागतं. दोनशे वर्षांपूर्वी तिथे इंग्रजांचे कैदी ठेवत आणि त्यांच्याकडून जहाजं बांधून घेत. आता विटांच्या चार पडक्या भिंती उरल्यात. माहिती सांगणाऱ्या बाईने हसत हसत सांगितलं की तिच्या खापरपणजोबांना इथेच फटके बसले होते. आपल्याकडे पणजोबा रावबहादूर होते म्हणून सांगतात ना, त्याच थाटात! श्रिया म्हणाली की आपल्या घरात असं कोणीच कसं नाही, आपली फॅमिली किती बोअरिंग आहे. मग दुकानात तिथल्याच पाइनच्या लाकडाची एक गोल फळी उचलून म्हणाली की आई, तुझा तो तुळशीबागेतला पोळपाट टाकून दे आणि हा घे, याला निदान काही स्टोरी तरी आहे.

मोहन, तो पोळपाट रे! तुरुंगाच्या सुतारशाळेत तू माझ्यासाठी केलेला. सात वर्षं त्यावर पोळ्या लाटतेय आणि सात वर्षं खोटं बोलतेय. वेलिंग्टनच्या विमानतळावर नियमाप्रमाणे लाकूड म्हणून डिक्लेअर केला, तेव्हा त्या बिचाऱ्या ऑफिसरलासुद्धा मी तुळशीबागच सांगितली होती.

परतीच्या बोटीत मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. स्लॅब पडला, अपघात झाला, मामाला शिक्षा झाली. पोर उठली आणि बंदर येईपर्यंत बोटीच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

विवेकला मी कळवते. मुलीला तूच आणायचंस. ताईचं ऐकतोस अशी खात्री आहे.

तुझी,
ताई


पुणे,
२० ऑक्टोबर २०१८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला त्या बेटावरच्या लोकांत नेऊन बसवू नकोस. त्यांच्यातल्या कित्येकांनी रुमाल चोरले असतील. मी साइटचा इंजिनिअर म्हणून स्लॅबखालचे टेकू आठ दिवस आधी काढायच्या कागदावर सही केली. काँक्रीट कच्चं आहे हे मला ठाऊक होतं. बिल्डरला घाई होती, आणि मला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. ताई, त्याला अपघात म्हणू नये.

दोघं मजूर गेले. हरीश आणि कुशल. कुशलचं कोणी सापडलं नाही. हरीशच्या बायकोच्या, श्यामलाबाईंच्या दारात मी सुटल्यापासून दर दसऱ्याला जातो. पहिली चार वर्षं दारच उघडलं नाही. परवा त्यांनी पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच प्यालो.

हे सगळं श्रियाला सांग, नावांसकट. त्यानंतरही तिला मीच हवा असलो तर तिने स्वतः तसं लिहावं, आणि मराठीत. नाहीतर माझी सर्दी आहेच.

रागावलीस तरी माया ठेव.

मोहन


जॉन्सनव्हिल,
८ नोव्हेंबर २०१८

ती. मोहनमामास,
सा. न. वि. वि. हे आईने सांगितलं. बाकीचं माझं आहे, चुका असतील.

आईने सगळं सांगितलं. मी तीन दिवस तुझ्यावर रागावले होते, आईवर हीप्स, म्हणजे खूपच जास्त. अजून थोडा राग आहे. स्लॅबचा आहे, आणि दुबईचा पण आहे. लग्नाआधी चिरागला कळायला हवं म्हणून त्याला मी दोघांची नावं सांगितली. त्याने विचारलं की मामा दर वर्षी जातो का. त्याला तुला भेटायचंय.

आमच्या शाळेत माओरी लोकांच्या रीतीने कोणी ओळख करून द्यायला उभं राहिलं की पहिल्यांदा आपला डोंगर, आपली नदी आणि आपली माणसं सांगायची असतात. मी सगळ्यांची नावं सांगायचे आणि तुझ्या नावापुढे दुबई म्हणायचे. आता नाही म्हणणार.

पोळपाटाचा एक पाय आखूड आहे. आई सात वर्षं खाली कागदाची घडी ठेवते, तुला कधी बोलली नाही. मी तो पुण्याला घेऊन येते, तू नीट करून दे. लग्नानंतर तो माझ्याबरोबर पापाकुराला, आमच्या नव्या घरी जाणार. या वेळी विमानतळावर विचारलं तर मी सांगेन कोणी केला ते, आणि कुठे.

गुरुजी मामाला बोलावतील तेव्हा तूच ये. दुसरं कोणी आलं तर मी खोलीतून बाहेर पडणार नाही, मग गुरुजींना किती मंगलाष्टकं म्हणायची ती म्हणू देत. सर्दी झाली असेल तर रुमाल आण.

तुझी,
श्रिया